सतराव्या फ्रेममधली रायफल : १९४८च्या युद्धपटातील शस्त्रे ओळखण्याचे एक प्रकरण

मराठवाडा मुक्तिसंग्रामावर बेतलेल्या एका मराठी चित्रपटाचे पहिले शेड्यूल नळदुर्ग आणि अंबाजोगाई परिसरात पूर्ण झाल्यावर त्याच्या दिग्दर्शकाने ४१ फ्रेम आणि सुमारे १२ मिनिटांचे कच्चे चित्रण माझ्याकडे पाठवले. त्यातली शस्त्रे नेमकी कोणती आहेत आणि ती सप्टेंबर १९४८ मध्ये या मुलखात असू शकत होती का, एवढेच त्यांनी विचारले होते. जिल्हा पोलीस दलाच्या शस्त्रागारात आर्मोरर, म्हणजे शस्त्रे सांभाळणारा व दुरुस्त करणारा, म्हणून माझी उमेदीची वर्षे गेली असल्यामुळे हे काम दोन संध्याकाळींत उरकेल, असे मला वाटले. प्रत्यक्षात त्याला सात आठवडे लागले. त्यातले चार आठवडे एकाच रायफलीवर गेले, आणि तिच्याबाबत मी दिलेला पहिला निष्कर्ष चुकीचा होता. ही चूक कशी झाली आणि कशी सापडली, हे इतर कलादिग्दर्शकांच्या व अभ्यासकांच्या उपयोगी पडेल, म्हणून प्रकरण सविस्तर लिहीत आहे. चित्रपट अजून प्रदर्शित व्हायचा असल्याने त्याचे नाव आणि शस्त्रे भाड्याने देणाऱ्या संस्थेचे नाव येथे दिलेले नाही.

पटकथेचा काळ नेमका आहे. १३ सप्टेंबर १९४८ रोजी मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्या नेतृत्वाखाली भारतीय फौजा सोलापूरच्या बाजूने हैदराबाद संस्थानात शिरल्या, पहिल्याच दिवशी नळदुर्गजवळचा बोरी नदीवरचा पूल ताब्यात आला आणि १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. मधल्या दिवसांत दुसऱ्या बाजूने आलेल्या तुकड्या औरंगाबाद, जालना, लातूर आणि मोमिनाबाद, म्हणजे आजचे अंबाजोगाई, येथे पोहोचल्या. चित्रपटात या पाच दिवसांशिवाय त्याआधीच्या काही महिन्यांतील सरहद्दीवरचे छापे आणि करोडगिरी, म्हणजे जकात, नाक्यावरचा एक हल्लाही आहे. म्हणजे पडद्यावर चार प्रकारचे शस्त्रधारी येतात : भारतीय जवान, निजामाची नियमित फौज, रझाकार, आणि सरहद्दीवरच्या कॅम्पांतून येणारे स्वातंत्र्यसैनिक. या चौघांच्या हातांत एकाच तऱ्हेची शस्त्रे असणे शक्य नव्हते, आणि चित्रणात मात्र जवळजवळ तेच झाले होते.

सामानाच्या नोंदवहीत १४ नग होते : नऊ रायफली, एक मशीनगन, दोन कार्बाइन आणि दोन रिव्हॉल्व्हर. नऊही रायफलींपुढे ‘थ्री नॉट थ्री’ असे एकच नाव लिहिलेले होते. आपल्याकडे लांब लाकडी दस्त्याची आणि हाताने बोल्ट (काडतूस आत ढकलणारा खटका) ओढायची कोणतीही सरकारी रायफल दिसली की तिला थ्री नॉट थ्री म्हणण्याची सवय इतकी जुनी आहे की, त्या नावावरून नग ओळखता येत नाही. म्हणून नोंदवही बाजूला ठेवून मी आधी फक्त चित्रांवरूनच ओळख करायचे ठरवले. ही पद्धत योग्यच होती. नोंदवही फार काळ बाजूला ठेवली, ही मात्र माझी चूक झाली.

खरी .३०३ म्हणजे शॉर्ट मॅगझिन ली-एनफिल्ड. तिचा मार्क ३ हा नमुना १९०७ मध्ये ब्रिटिश लष्करात आला आणि बंगालमधील ईशापूरच्या कारखान्यात तो पुढे अनेक दशके बनत राहिला. दोन्ही महायुद्धांत भारतीय सैनिकांच्या खांद्यावर मुख्यतः हीच रायफल होती, त्यामुळे १९४८ मध्ये भारतीय जवान आणि हैदराबादची नियमित फौज या दोघांच्याही हाती ती दाखवणे बरोबरच आहे. तिचे तोंड बोथट असते, कारण नळी पुढच्या लोखंडी टोपीच्या जवळजवळ बरोबरीने संपते आणि त्या टोपीखाली संगीन अडकवण्याची गुंडी असते. दुसऱ्या महायुद्धातील ‘नंबर ४’ रायफलीची नळी मात्र लाकडाच्या पुढे उघडी निघालेली दिसते. या दोघींत गोंधळ होण्याचे कारण नाही आणि आमच्या चित्रणात नंबर ४ एकही नव्हती.

अडचण येते ती .३०३च्या धाकट्या बहिणीमुळे. १९६२च्या चीन युद्धानंतर ईशापूरने याच रायफलीचा सांगाडा अधिक मजबूत पोलादात घडवून ७.६२ मिलिमीटरच्या काडतुसासाठी नवी रायफल काढली. तिला आधी २ए आणि थोड्या बदलानंतर २ए१ म्हटले गेले. दुरून पाहिल्यास ही हुबेहूब .३०३ दिसते : तेच बोथट तोंड, तोच दस्ता, लांबीही तीच. चित्रपटाच्या सामानात हिचेच नग आणि हिच्यावरून ओतलेल्या फायबरच्या प्रतिकृती जास्त मिळतात, त्यामुळे स्वातंत्र्यापूर्वीच्या काळातले कितीतरी शिपाई पडद्यावर १९६०नंतरची रायफल घेऊन उभे असतात. फरक मॅगझिनमध्ये, म्हणजे काडतुसांच्या पेटीत, दिसतो. .३०३ची दहा काडतुसांची मॅगझिन तळाशी तिरकी आणि कडांना गोलसर असते, तर २ए१ची बारा काडतुसांची मॅगझिन पत्र्याच्या डब्यासारखी सरळ चौकोनी असते. दुसरी खूण नळीवरच्या मागच्या नेमपट्टीची, म्हणजे नेम धरताना अंतर लावायच्या आकड्यांच्या पट्टीची. .३०३च्या पट्टीवर २००० यार्डांपर्यंतचे आकडे असतात. २ए मध्ये तीच पट्टी कायम राहिली आणि २ए१ मध्ये ती आखूड करून ८०० पर्यंत आणली गेली. तिसरी खूण काडतुसाची, आणि ती प्रेक्षकालाही दिसते : .३०३च्या काडतुसाच्या बुडाला बाहेर आलेली कडा असते, ७.६२च्या बुडाला ती नसते, त्याऐवजी खाच असते.

या तीन खुणांवर नऊपैकी सात रायफलींचा निकाल पहिल्याच आठवड्यात लागला. पाच नग फायबरचे होते आणि सर्वांच्या मॅगझिन चौकोनी होत्या, म्हणजे साचा २ए१वरून घेतलेला. त्यांतील दोघांच्या पुढच्या टोपीवर साच्याची शिवण उन्हात स्पष्ट चमकत होती. दोन नग निकामी केलेल्या खऱ्या .३०३ होत्या, त्यांबद्दल काही म्हणणे नव्हते. पूल ओलांडण्याच्या प्रसंगात मात्र एका जवानाच्या पट्ट्यातून वाळूत सांडलेली काडतुसे बिनकडेची होती. त्या प्रसंगात रायफल खरी आणि काडतूस पंधरा वर्षांनंतरचे, असा प्रकार झाला होता.

आठवी रायफल मला विशेष आवडली, कारण तिने नोंदवहीलाच नव्हे तर दिग्दर्शकालाही चकवले होते. एका फ्रेममध्ये तिच्या नळीचे तोंड समोरून दिसत होते आणि ते शेजारच्या .३०३पेक्षा ठळकपणे मोठे होते. ती .४१० मस्केट होती. पोलीस आणि पहारेकऱ्यांसाठी ईशापूरमध्ये जुन्या .३०३ रायफली गुळगुळीत नळीच्या आणि एका वेळी एकच काडतूस घेणाऱ्या करून दिल्या जात, आणि त्यांच्या मॅगझिनच्या जागेत लाकडी ठोकळा बसवलेला असे. आमच्या पिढीतल्या पोलिसांना ‘चारशे दहा’ चांगली माहीत आहे. १९४८साठी हे शस्त्र अगदी योग्य होते, परंतु ते दिले होते भारतीय जवानाला, आणि तो त्यात पाच काडतुसांची क्लिप दाबून भरत होता. ज्या बंदुकीत काडतुसे साठवायला जागाच नाही तिच्यात क्लिप भरणे अशक्य आहे. ही मस्केट जवानाकडून काढून करोडगिरी नाक्यावरच्या पहारेकऱ्याला द्यावी, असे मी सुचवले. तिथे ती शोभली असती आणि एकेक काडतूस भरताना त्या पहारेकऱ्याची होणारी धांदल प्रसंगाला उपयोगीही पडली असती.

आता नवव्या रायफलीकडे येतो. नोंदवहीत तिचा क्रमांक सहा होता. करोडगिरी नाक्यावरील हल्ल्यात मुख्य पात्र ही रायफल मेलेल्या पहारेकऱ्याकडून घेते आणि नंतरच्या अर्ध्या चित्रपटात ती त्याच्याजवळच राहते. म्हणून कॅमेरा तिच्यावर वारंवार जातो. दुर्दैवाने तिची मॅगझिन एकाही फ्रेममध्ये पूर्ण दिसत नव्हती : कुठे काडतुसांचा पट्टा आडवा होता, कुठे हात, कुठे संध्याकाळचा अंधार. एका जवळच्या शॉटमध्ये, जो फ्रेम क्रमांक नऊ होता, मागची नेमपट्टी स्पष्ट होती आणि तिच्यावर २००० पर्यंतचे आकडे वाचता येत होते. त्याच शॉटमध्ये दस्त्याच्या डाव्या बाजूला बोटभर लांबीची तिरकी खाच होती. पट्टी २००० ची, सांगाडा ली-एनफिल्डचा, म्हणून मी अहवालात ‘.३०३, मार्क ३, काळाशी सुसंगत’ असे लिहिले. २ए मध्येही हीच पट्टी असते हे मला माहीत होते. परंतु २ए१च्या तुलनेत २ए फार कमी दिसते, या भरवशावर मी ती शक्यता तपासलीच नाही. सामान्यतः जे आढळते ते या नगातही असेल, असे धरून चालणे हा ओळख पटवण्याच्या कामातला सर्वांत घातक आळस आहे, आणि तो माझ्याकडून झाला.

फ्रेम १७ पाहताना शंका आली. मुख्य पात्र नाक्याच्या खोलीबाहेर उभे आहे, खांद्यावर घोंगडी आहे, रायफल आडवी धरलेली आहे आणि तिचे तोंड चित्राच्या डाव्या कडेकडे आहे. घोंगडीचा पदर बोल्टच्या जागी आलेला आहे. रायफलीचे तोंड पाहणाऱ्याच्या डावीकडे असेल तर समोर दिसणारी बाजू तिची डावी बाजू असते, म्हणजे दस्त्यावर ती तिरकी खाच दिसायलाच हवी. दस्ता पूर्ण उजेडात होता आणि खाच नव्हती. मी पहिल्यांदा असे मानले की या शॉटसाठी दुसरी रायफल वापरली असावी, आणि तसे दिग्दर्शकाला कळवले. त्यांनी मला पुन्हा नोंदवहीकडेच वळवले. त्या दिवशी त्या पात्राकडे फक्त क्रमांक सहा होती, दुसरा नग सेटवर आणलाच नव्हता. सामान सांभाळणाऱ्या मुलाने प्रत्येक शॉटपुढे नगाचा क्रमांक आणि वेळ लिहिली होती. त्याची ही शिस्त नसती तर हे प्रकरण इथेच बंद झाले असते.

एकच रायफल, एकच दिवस, आणि डाव्या बाजूची खाच गायब. यातून मार्ग काढायला मला आठ दिवस लागले, आणि उत्तर बंदुकीत नव्हतेच. त्याच फ्रेममध्ये पात्राच्या मागे भिंतीवर नाक्याची पाटी आहे. निजामी अमदानीत सरकारी कारभाराची भाषा उर्दू असल्याने कलाविभागाने ती पाटी कटाक्षाने उर्दूत रंगवून घेतली होती. माझ्या वडिलांचे शालेय शिक्षण त्याच काळात उर्दूतून झालेले असल्याने त्यांच्याकडून मला अक्षरओळख मिळालेली आहे. इतके दिवस माझी नजर फक्त लोखंडावर आणि लाकडावर होती. एकदा पाटी वाचायला गेलो आणि वाचता येईना. अक्षरे सगळी ओळखीची, पण उलटी वळलेली. उर्दू उजवीकडून डावीकडे लिहितात. या पाटीवरचा मजकूर डावीकडून उजवीकडे धावत होता. म्हणजे शॉटच आरशातल्यासारखा उलटा करून बसवलेला होता.

संकलकाला विचारल्यावर खुलासा झाला. आधीच्या शॉटमध्ये पात्र डावीकडे पाहत होते आणि या शॉटमध्ये उजवीकडे. नजरेची दिशा जुळावी म्हणून त्याने चित्र पलटवले होते. संकलनात ही नेहमीची युक्ती आहे. मराठी किंवा इंग्रजी पाटी असती तर कोणाच्याही लक्षात आले असते. संकलनाच्या खोलीत उर्दू वाचणारे कोणी नव्हते, म्हणून ते सुटले. मला मात्र याचे वाईट वाटले. ज्या मुलखात दोन पिढ्यांपूर्वी जमिनीच्या कागदांपासून शाळेच्या दाखल्यापर्यंत सगळे उर्दूत होते, त्या मुलखाची कथा सांगताना ती लिपी उलटी लागली तरी कळू नये, ही गोष्ट काळाशी न जुळणाऱ्या बंदुकीपेक्षा लहान नाही.

फ्रेम सरळ करताच सगळे जागेवर आले. दिसणारी बाजू रायफलीची उजवी बाजू ठरली, त्यामुळे डावीकडची खाच न दिसणे स्वाभाविकच होते. शिवाय दस्त्याच्या मानेवरच्या लोखंडी कड्यावर जे ओरखडे मी गंज समजून सोडून दिले होते, ते सरळ फ्रेममध्ये आकडे निघाले. वर्षाचा आकडा घासलेला होता, परंतु ‘७.६२’ वाचता येत होते. ७.६२चे काडतूस आणि २००० यार्डांची पट्टी ही जोडी फक्त २ए मध्ये बसते. पुढच्या आठवड्यात मी स्वतः जाऊन नग हातात घेतला : चौकोनी मॅगझिन, मानेवर अशोकस्तंभाच्या सिंहांची मुद्रा. इंग्रजी अमदानीतल्या ईशापुरी रायफलीवर त्या जागी राजमुकुट आणि राजाची आद्याक्षरे असतात. प्रजासत्ताकाची राजमुद्रा मिरवणारी रायफल निजामाच्या पहारेकऱ्याकडून हिसकावून घेतली जात आहे, असे ते दृश्य झाले होते. मी अहवालातील आधीची नोंद खोडली आणि ती का खोडली हेही तिथेच लिहिले.

बाकीच्या नगांचे थोडक्यात सांगतो. मशीनगन ब्रेन होती आणि तिची मॅगझिन चांगली वळलेली होती, म्हणजे कडेच्या .३०३ काडतुसांची, पुढे ७.६२साठी बदललेल्या ब्रेनची मॅगझिन बरीच सरळ दिसते. नग बरोबर असूनही तो चालवणारा नट नळीच्या बरोबर मधून नेम धरत होता. ब्रेनची मॅगझिन वरून बसते, म्हणून तिचे नेमसाधन डाव्या बाजूला सरकवलेले असते. मधून पाहणाऱ्याला मॅगझिनच दिसेल. दोन रिव्हॉल्व्हरपैकी एक ब्रिटिश बनावटीचे वेब्ली होते. दुसरे त्यासारखेच मधोमध मोडणारे, पण जेमतेम तीन इंच नळीचे, कानपूरचे अलीकडचे .३२ निघाले. ते म्यानात ठेवा, बाहेर काढू नका, असे सांगितले.

कार्बाइनवर मात्र वाद झाला. निजामी अधिकाऱ्याच्या अंगरक्षकांकडे ‘स्टेनगन’ म्हणून दिलेली शस्त्रे कानपूरची ९ मिलिमीटर १ए कार्बाइन होती. स्टेनची ३२ काडतुसांची मॅगझिन सरळ असते. या कार्बाइनची वळलेली असते आणि नळीभोवती भोके पाडलेले आवरण असते. मॅगझिन दोन्हींची डावीकडूनच बसते आणि बोलण्यात आजही कार्बाइनला सर्रास स्टेनगन म्हणतात, त्यामुळे सामान देणाऱ्याने मागितले ते पाठवले, असेच म्हणावे लागेल. दिग्दर्शकाचे म्हणणे असे की, सिडनी कॉटन या ऑस्ट्रेलियन वैमानिकाने १९४८ मध्ये कराचीहून विमानाने हैदराबादला शस्त्रे पोहोचवली होती, मग त्यांत ही का नसेल? युक्तिवाद अभ्यासातून आलेला होता, म्हणून त्याला नीट उत्तर देणे भाग होते. या कार्बाइनचा मूळ नमुना, म्हणजे स्टर्लिंग, ब्रिटिश लष्करातच १९५३ साली दाखल झाला. त्याचा आधीचा अवतार महायुद्धाच्या अखेरीस चाचणीपुरता मोजक्या संख्येत बनला होता, आणि भारतात हे शस्त्र १९६०च्या दशकात बनू लागले. कॉटनच्या विमानात जे बनलेच नव्हते ते येऊ शकत नाही. स्टेन मात्र असू शकते. युद्धानंतर ती जगभर पसरलेली होती.

नग ओळखून झाले तरी मूळ प्रश्न उरलाच होता. चित्रणात रझाकारांच्या हाती पाचही फायबरच्या रायफली होत्या आणि समोरच्या जवानांच्या हातीही तशाच. मॅगझिन कापून गोल केली असती तर त्या रायफली काळाशी जुळल्या असत्या, पण दृश्य खोटेच राहिले असते. रझाकारांपैकी थोड्यांकडेच आधुनिक शस्त्रे होती. बहुतेकांकडे ठासणीच्या बंदुका, तलवारी आणि भाले होते. दिग्दर्शकांच्या आजोळच्या गावातील नव्वदीच्या घरातल्या एका गृहस्थांनीही हेच सांगितले : लहानपणी पाहिलेल्या टोळीतल्या दोघा-चौघांकडे रायफली, आणि इतरांकडे ‘दारू ठासायच्या लांब नळ्या’. एका माणसाच्या आठवणीवर मी शस्त्राचा नमुना ठरवणार नाही, परंतु लिखित इतिहासाशी ती जुळते तेव्हा तिचे वजन नक्कीच वाढते. हा फरक का महत्त्वाचा, तर त्यावरून दोन वेगळ्या भीती समजतात. निःशस्त्र गावकऱ्यांना ठासणीची एक बंदूक आणि चार तलवारी पुरेशा भयंकर होत्या, आणि तीच शस्त्रे रणगाडे घेऊन आलेल्या फौजेपुढे पाच दिवसही टिकण्यासारखी नव्हती. दोन्हीकडे सारख्या रायफली दिल्या की गावावरचा अत्याचार दोन फौजांच्या चकमकीसारखा दिसू लागतो.

म्हणून माझी मुख्य शिफारस बंदुका बदलण्याची नसून वाटप बदलण्याची होती. रझाकारांच्या टोळीत दोन खऱ्या .३०३ आणि बाकी ठासणीच्या. ठासणीच्या बंदुकीला आधी दारू, मग कापडाचा बोळा, मग छर्रे, मग गजाने ठासणे आणि शेवटी दारू पेटवणारी छोटी टोपी बसवणे, एवढे सगळे करावे लागते. सरावलेल्या हातालाही त्यात अर्धा मिनिट सहज जातो. पटकथेत एक रझाकार लागोपाठ दोन बार काढत होता. तिथे दुसरा बार काढून टाकला आणि त्या जागी गज ओढण्याचा आवाज ठेवला. ठासणीच्या बंदुकांसाठी कलाविभागाला एका वाड्याच्या माळवदाखालची खरी जुनी बंदूक मिळत होती. शस्त्र अधिनियम १९५९च्या कलम ४५ मध्ये कालबाह्य, पुरातन किंवा मोडक्या आणि दुरुस्त करूनही बंदूक म्हणून वापरता न येणाऱ्या शस्त्रांना सूट आहे. परंतु एखादी बंदूक त्या सुटीत बसते की नाही, हे ठरवणे कलाविभागाचे काम नव्हे. ती आधी पोलीस ठाण्यात दाखवा, असे मी सांगितले. शेवटी त्यांनी तिची मापे घेऊन सागवानी लाकूड आणि लोखंडी नळा वापरून सहा प्रतिकृती अंबाजोगाईतच घडवून घेतल्या. मूळ बंदूक माळवदाखालीच राहिली.

पुन्हा चित्रीकरणाला फक्त तीन दिवसांचे पैसे होते. पुलाच्या प्रसंगातील काडतुसे बदलून तो शॉट नव्याने घेतला, मस्केट नाक्यावरच्या पहारेकऱ्याला दिली आणि कार्बाइनचे शॉट कंबरेच्या वर कापले. मुख्य पात्राच्या रायफलीसाठी नव्वद सेकंदांचे चित्रण पुन्हा करणे परवडणारे नव्हते. निकामी केलेल्या दोन .३०३पैकी एक त्याला देऊन जवळचे चार शॉट तेवढे बदलले, आणि दुरून दिसणाऱ्या दृश्यांत २ए तशीच राहिली. फ्रेम १७ संकलकाने सरळ केली. नजरेची दिशा आता आधीच्या शॉटशी जुळत नाही, म्हणून मध्ये त्या पाटीचा दोन सेकंदांचा वेगळा शॉट घातला आहे. त्यात ‘नाका करोडगिरी’ ही अक्षरे उजवीकडून डावीकडे, जशी असायला हवीत तशी वाचता येतात.